कोरी राहिलेली ओळ

टोनी मॉरिसन शिकवायला घेतल्या की हॉवर्ड विद्यापीठाचे नाव येतेच. वॉशिंग्टनमधील या विद्यापीठाची स्थापना १८६७ सालची, म्हणजे अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनंतरची. मॉरिसन येथून १९५३ साली पदवीधर झाल्या. झोरा नील हर्स्टन त्यांच्याही आधी येथे शिकल्या. आम्ही दोघे वर्गात एवढे सांगून पुढे जात असू. या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा इतिहास आमच्या वाचनात फार उशिरा आला, आणि त्यात आम्हांला अनपेक्षितपणे आमचेच हस्ताक्षर दिसले.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडचाच. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात. १९७०च्या सुमारास हा खेळ तेथील विद्यापीठांत प्रामुख्याने गोऱ्या मुलांचा होता. हॉवर्डचा संघ मात्र कॅरिबियन बेटांतून आणि आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांचा होता. त्रिनिदादच्या राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक राहिलेले लिंकन फिलिप्स हे त्यांचे प्रशिक्षक. डिसेंबर १९७१मध्ये मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर या संघाने सेंट लुइस विद्यापीठाला ३-२ असे हरवून एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचे विजेतेपद मिळवले. सेंट लुइसने आधीची दोन्ही वर्षे ते आपल्याकडे राखले होते. हॉवर्ड त्या संपूर्ण मोसमात अपराजित राहिला.

पुढे चौकशी झाली आणि जानेवारी १९७३मध्ये एनसीएएने हे विजेतेपद रद्द केले. कारण होते काही खेळाडूंची ‘अपात्रता’. एका नियमानुसार, एकोणिसाव्या वाढदिवसानंतर परदेशात संघटित स्पर्धा खेळलेला काळ खेळाडूच्या पात्रतेच्या वर्षांतून वजा होई. विद्यापीठ न्यायालयात गेले. न्यायालयाने हा नियम परदेशी विद्यार्थ्यांबाबत भेदभाव करणारा, म्हणून घटनाबाह्य ठरवला. मात्र पाच वर्षांच्या मर्यादेचा आणि प्रवेशावेळच्या अपेक्षित गुणांकनाचा असे अन्य नियम वैध मानून शिक्षा कायम ठेवली. १९७५ साली अपील न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला.

ही कथा आम्हांला अस्वस्थ करते ती याच वळणावर. सारा अन्यायच झाला, असे म्हणता आले असते तर लिहिणे सोपे होते. पण काही नियम खरोखर मोडले गेले होते, आणि एक नियम मुळातच अन्याय्य होता. दोन्ही गोष्टी एकाच निकालपत्रात नांदतात.

‘पात्रता’ हा शब्द आम्हां अध्यापकांच्या रोजच्या वापरातला. काही वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यातून एम.ए.ला आलेल्या एका विद्यार्थिनीचे स्थलांतर प्रमाणपत्र मुदतीत आले नाही. तिने वर्षभर एकही तास बुडवला नव्हता. ज्ञानेश्वरीवरील तिच्या निबंधाला वर्गातले सर्वाधिक गुण आम्हीच दिले होते. तिच्या पात्रता-अर्जाची छाननीही आमच्याकडेच होती. त्रुटी दाखवणारी टीप आमच्या हातची. निकाल राखून ठेवला गेला, आणि ती पुन्हा महाविद्यालयात आली नाही. नियम म्हणजे नियम, असे आम्ही एकमेकांना बजावले. तो नियम तिला कोणत्या दारात उभे करतो, हे मात्र आम्ही तपासले नाही.

हॉवर्डची मुले परत आली. एनसीएएच्या बंदीमुळे १९७३च्या स्पर्धेत त्यांना खेळता आले नाही. १९७४चा मोसम सुरू झाला तेव्हा फिलिप्स यांनी विल्यम कलन ब्रायंट या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कवीची एक ओळ संघाचे ब्रीद म्हणून निवडली. क्रीडासंघाने कवितेच्या ओळीवर उभे राहावे, याचे आम्हां साहित्यवाल्यांना अप्रूप वाटते. त्या वर्षी त्यांनी एकोणीसच्या एकोणीस सामने जिंकले. अंतिम सामना सेंट लुइस शहरात, प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात होता. समोर पुन्हा तोच संघ. निर्धारित वेळ संपली आणि जादा वेळेची चार सत्रे खेळावी लागली. अखेर केनेथ इलोडिग्वे यांच्या गोलने निकाल २-१ असा लागला. या विजेतेपदावर कोणाला बोट ठेवता आले नाही.

तरीही १९७१ची ओळ परत मिळाली नाही. विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे ‘रद्द’ अशी नोंद आहे. त्या रात्री जे पाच गोल झाले ते झालेच होते. पण दप्तराच्या लेखी तो मोसम विजेत्याविना गेला.

आमच्या त्या विद्यार्थिनीच्या नावापुढेही असाच एक शेरा आहे. छाननीचे काम अजून आमच्याकडेच आहे आणि नियमही बहुतेक तेच आहेत. फरक इतकाच, की टीप लिहिण्याआधी आता आम्ही त्या मुलाला किंवा मुलीला समोर बोलावतो, प्रमाणपत्र कोणत्या कचेरीत अडकले ते विचारतो, आणि मुदतवाढीचे पत्र आधी लिहितो.