सासरची जर्सी

गार्ड म्हटले की माझ्या पिढीच्या माणसांना अजून आगगाडीचा शेवटचा डबा आठवतो. हिरवा बावटा, शिट्टी आणि पांढराशुभ्र गणवेश. २०२२ साली रेल्वेने त्या पदाचे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले, तरी आमच्या तोंडी गार्डच राहिला आहे. बास्केटबॉलमधला गार्ड मात्र गाडीच्या शेपटाला नसतो, इंजिनात असतो. पाच जणांच्या संघात बहुधा तोच सर्वांत बुटका. चेंडू आपटत पुढे न्यायचा त्याने, कुणी कुठे धावायचे ते बोटांनी नि डोळ्यांनी सांगायचे त्याने, आणि समोर फट दिसली की दुरून टाकायचाही त्यानेच.

आता मराठीच्या प्राध्यापिकेला ही विद्या कुठून आली, असे तुम्ही विचाराल. आमच्या स्टाफरूमची खिडकी बास्केटबॉलच्या मैदानावर उघडते आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासताना नजर कुठेतरी विसाव्याला जावीच लागते. शिवाय काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. ओव्यांच्या तासाला हमखास पेंगणारी, पण मैदानावर उतरली की विजेसारखी. विद्यापीठाच्या संघात ती गार्ड होती. बेकी हॅमन हे नाव मी प्रथम तिच्याच तोंडून ऐकले. त्यानंतर मी आपण होऊन त्या बाईविषयी मिळेल ते वाचीत गेले, आणि वाचता वाचता एका जागी अडकले. ती जागा पुढे येईलच.

हॅमन जन्मली १९७७ साली, अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या रॅपिड सिटी गावी. उंची पाच फूट सहा इंच. आपल्याकडे एवढ्या उंचीच्या मुलीसाठी स्थळ पाहताना आईबापांचे तोंडचे पाणी पळते. तिकडे बास्केटबॉलच्या जगात तिला ठेंगणी म्हणत. ठेंगणी आणि वर वेगाने बेताची, म्हणून मोठमोठ्या विद्यापीठांनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. तिला घेतले फोर्ट कॉलिन्सच्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने. १९७२ च्या कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी असा भेद करण्यास तिकडे बंदी झाली आणि मुलींच्या खेळालाही शिष्यवृत्त्या आल्या, त्याचे हे फळ. (आमच्याकडे जिमखान्याच्या पैशातून मुलींना नवे बूट मिळावेत म्हणून किती अर्ज करावे लागतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) चार वर्षांत तिने २,७४० गुण केले, त्या विद्यापीठात तोवर कुणा मुलानेही तेवढे केले नव्हते. शेवटच्या वर्षी तिच्या संघाने ३६ पैकी ३३ सामने जिंकले.

एवढ्यावर आपण म्हणू, पोरीने नशीब काढले. पण १९९९ साली स्त्रियांच्या व्यावसायिक लीगने नव्या खेळाडूंची निवड केली, तिला तिकडे ड्राफ्ट म्हणतात, तेव्हा चार फेऱ्या झाल्या तरी तिचे नाव कुणी पुकारले नाही. झाले होते असे, की आदल्या डिसेंबरात दुसरी एक लीग बंद पडली होती आणि तिच्यातल्या मुरलेल्या खेळाडू नोकरी शोधीत याच दारात उभ्या होत्या. मग न्यूयॉर्कच्या लिबर्टी संघाने तिला, वरण वाढून झाल्यावर लिंबाची फोड वाढावी तशी, पानाच्या कडेला घेतले. ती फोड आठ वर्षे टिकली. २००७ साली संघाने तिला सॅन अँटोनिओला पाठविले, आणि त्याच वर्षी साऱ्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात ती दुसरी आली.

आता ती अडकण्याची जागा. अमेरिकेची स्त्रियांची लीग उन्हाळ्यापुरती. वर्षाचा पगार, अगदी नामांकित खेळाडूचाही, तेव्हा एक लाख डॉलरांच्या आत. म्हणून हिवाळा आला की या बाया रशिया, तुर्कस्तान, स्पेन, जिथे क्लब बोलावतील तिथे जात. रशियातले क्लब कितीतरी पट पैसे देत. डायना टॉरासी नावाच्या दुसऱ्या एका गार्डला तर २०१५ साली तिच्या रशियन क्लबने उन्हाळ्यात घरी विश्रांती घेण्याचेच पैसे दिले! हॅमनला मॉस्कोच्या सीएसकेए क्लबने बोलावले. क्लबात अमेरिकन खेळाडू किती घ्यायच्या याला मर्यादा असे. रशियन पारपत्र असले की ती अडचण जाई. पारपत्रासोबत आणखी एक गोष्ट येणार होती. ऑलिंपिक. लहानपणापासूनची तिची इच्छा. स्वदेशाने संभाव्य खेळाडूंची यादी काढली तीत तिचे नाव नव्हते. आजोळ-पणजोळ धुंडाळले तरी रशियाशी नाते नसलेली ही मुलगी २००८ साली रशियाची नागरिक झाली आणि त्यांच्या लाल जर्सीत बीजिंगला उतरली.

गहजब झाला. अमेरिकेच्या संघाच्या प्रशिक्षिका ॲन डोनोव्हन यांनी तिला उघडपणे देशभक्तिशून्य ठरविले. डोनोव्हनबाई स्वतः जपानात आणि इटलीत खेळून आलेल्या, पण पोटासाठी क्लबकडून खेळणे वेगळे आणि छातीवर दुसऱ्या देशाचे नाव लावणे वेगळे, हा भेद मी समजू शकते. त्यातून तो देश रशिया! १९७२ च्या म्युनिकला पुरुषांच्या अंतिम सामन्यातले शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि अमेरिका एका गुणाने हरली; ती रौप्यपदके अमेरिकन खेळाडूंनी कधी स्वीकारलीच नाहीत. अशा जखमेवर हे मीठ.

पण मला वाचताना राहून राहून आमच्या घरची आठवण होई. आपल्यातल्या किती बायकांनी एका दुपारी आडनाव बदलले, गाव बदलले, कुलदैवत बदलले! माझ्या आजीचे तर नावही तांदळात नव्याने लिहिले गेले. तिने सासरच्या भांडणात माहेराविरुद्ध साक्ष दिली तेव्हा तिला कुणी फितूर म्हटले नाही, कुलीन म्हटले. बाईने निष्ठा बदलावी ती लग्नासाठी. कामासाठी बदलली की ती डोळ्यांत खुपते. हे साउथ डकोटात खरे असेल तसेच सदाशिव पेठेतही आहे. नुसते अर्धेच खरे म्हणाल तर तेही कबूल, कारण सासर काही आजीने निवडले नव्हते. हॅमनने निवडले, आणि त्याची किंमत तिला ठाऊक होती.

उपान्त्य सामन्यात गाठ नेमकी अमेरिकेशी पडली. रशिया ५२ विरुद्ध ६७ अशी हरली. हॅमनचे गुण ३. मग चीनला हरवून रशियाने कांस्यपदक घेतले आणि ते गळ्यात घालून, सुवर्ण मिळवणाऱ्या अमेरिकेचे राष्ट्रगीत ऐकत ती उभी राहिली. त्या वेळी तिच्या मनात काय आले असेल, याची कादंबरी मी लिहिणार नाही.

पुढे काय झाले, ते थोडक्यात. २०१४ साली सॅन अँटोनिओच्याच पुरुषांच्या संघाने तिला पगारी साहाय्यक प्रशिक्षक नेमले. ३० डिसेंबर २०२० रोजी मुख्य प्रशिक्षकाला पंचांनी बाहेर काढले, तेव्हा उरलेला सामना तिने चालविला. एनबीएच्या सामन्यात असे करणारी ती पहिली स्त्री. लास वेगसच्या स्त्रियांच्या संघाला तिने २०२२, २०२३ आणि २०२५ साली विजेतेपद मिळवून दिले. रशियाची वाट मात्र बंद झाल्यासारखीच आहे. ब्रिटनी ग्रायनर ही अमेरिकन खेळाडू २०२२ साली मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली, ती डिसेंबरात सुटली. त्यानंतर तिकडे जायला कोण धजावणार?

माझी ती पेंगणारी विद्यार्थिनी रेल्वेत नोकरीला लागली. राष्ट्रीय स्पर्धेत ती रेल्वेकडून खेळते, म्हणजे वेळ आली की महाराष्ट्राविरुद्ध. तिच्या वाड्यात कुणी तिला महाराष्ट्रद्रोही म्हटलेले नाही. कायमची नोकरी, वर पास! पेढे वाटले गेले. अशा एका सामन्याला तिचे वडील गेले होते, आणि दोन्ही बाजूंच्या बास्केटला टाळ्या वाजवल्या म्हणून शेजारच्या गृहस्थांनी त्यांना हटकले म्हणे.

परवा तिचा फोन आला तेव्हा मी तिला बीजिंगच्या त्या तीन गुणांविषयी माझे सारे चिंतन ऐकवले. देश, माहेर, सासर, सगळे. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

“बाई, पण तिला मार्क कोण करत होतं?” ती म्हणाली. “ते कळल्याशिवाय तीन कमी की जास्त, कसं सांगणार?”