सळईच्या वरचं कार्ड

तालिकेचं कार्ड साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं. खाली मधोमध भोक आणि खणातल्या सगळ्या कार्डांना धरून ठेवणारी एक सळई. नव्वदच्या दशकापर्यंत आमच्या कॉलेज ग्रंथालयांचा कारभार या खणांवर चालायचा. नव्यानं लागलेल्या माणसाला पहिली ताकीद मिळे ती अशी: कार्ड वर्णक्रमानं जागेवर लावायचं, पण सळईत ओवायचं नाही, वर उभं ठेवायचं.

संध्याकाळी वर्दळ ओसरली की ग्रंथपाल सर खण ओढत. वर डोकावणारी कार्डं म्हणजे आमचा दिवसभराचा अभ्यास. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांच्या नावावर, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या. सर विचारत, “माणूस एकच आहे, हे वाचकाला कोण सांगणार?” मग दोन्ही नावांना जोडणारं ‘पाहा’ कार्ड लिहायला बसायचं, तेही गोल, सुट्या अक्षरात. मराठी साहित्याला ड्युई वर्गीकरणाचा 891.46 क्रमांक द्यायला पदवीच्या वर्गात शिकवलं होतं. वाचक पुस्तक कोणत्या नावानं मागेल याचा विचार करायला मात्र त्या खणापाशी शिकले. सरांची मान हलली की सळई काढून कार्डं खाली बसायची. याला प्रशिक्षण म्हणावं, असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग संगणक आला. युनेस्कोचं सीडीएस-आयसिस हे सॉफ्टवेअर आपल्याकडे केंद्र सरकारच्या निसॅटमार्फत पोचलं आणि आम्ही फ्लॉपी घेऊन प्रशिक्षणाला जाऊ लागलो. काळा पडदा, क्षेत्रांचे क्रमांक, एक स्वल्पविराम चुकला की कोरी छपाई. पुढे विद्यापीठांतल्या ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजांचे तीन आठवड्यांचे रिफ्रेशर कोर्स सुरू झाले. दिवसा व्याख्यानं आणि रात्री होस्टेलच्या कॉटवर खरा वर्ग: कोणाकडे कोणती नियतकालिकं येतात, बारकोड कुठे स्वस्त छापून मिळतात, प्राचार्यांकडून पैसे कसे मंजूर करून घ्यायचे. त्या ओळखी पुढे वर्षानुवर्षं कामाला आल्या.

आता शिकण्याला तोटा नाही. इन्फ्लिबनेटचं सोल हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर 2009मध्ये नव्या रूपात आलं, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी 2000 साली उभं राहिलेलं कोहा हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तालुक्याच्या गावातली मुलगी रात्री यूट्यूब बघून जुन्या संगणकावर कोहा बसवते. आमच्या काळी तिला मुंबई-पुण्याची वाट धरावी लागली असती आणि रजा मिळाली नसती. हे मोठंच काम झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. दु:ख एवढंच की अनुदानावर चालणाऱ्या छोट्या सार्वजनिक वाचनालयात डेटा पॅकचे पैसेही तिलाच भरावे लागतात.

2020च्या टाळेबंदीत तर वेबिनारांचा पूर आला. चॅटमध्ये ‘गुड मॉर्निंग फ्रॉम लातूर’ टाकायचं, कॅमेरा बंद करून वरण-भाताचा कुकर लावायचा, शेवटी फीडबॅक फॉर्म भरायचा; संध्याकाळी ई-प्रमाणपत्र ईमेलवर हजर. कोणती कळ दाबायची हे त्यात कळतं. कळ दाबल्यावर पडलेली नोंद बरी की वाईट, हे सांगायला पलीकडे कोणी नसतं.

त्याचे परिणाम ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय तालिकेत, दिसतात. एकच लेखक देवनागरीत एकदा, रोमनमध्ये दोन स्पेलिंगांनी. जुन्या फॉन्टमधल्या नोंदी युनिकोडमध्ये आणताना रफार उडालेले. मार्क या प्रमाण साच्यातली नोंद दुसरीकडून आयती उतरवली की ती त्याच क्षणी वाचकांपुढे जाते. कोहात नवी नोंद ओपॅकवरून झाकून ठेवायची सोय आहे. ती वापरून दुसऱ्याची नजर फिरल्यावरच नोंद खुली करता येईल. पण ती दुसरी नजर आणायची कुठून? निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या आणि आहे तो एकटा.

आता विद्यार्थी एआयनं करून दिलेली संदर्भसूची घेऊन येतात. नियतकालिक खरं, खंड-अंक बरोबर वाटणारा, लेख मात्र कधी छापलेलाच नाही. हे पकडायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. अंक काढून अनुक्रमणिका बघायची सवय लागते आणि ती कोणीतरी शेजारी उभं राहून लावावी लागते. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथनांचा 1931चा चौथा सिद्धांत. नसलेल्या लेखामागे तो किती वाया जातो, हे संदर्भ विभागात बसणाऱ्याला विचारा.

म्हणून रिफ्रेशर बंद करा, असं मी म्हणणार नाही. तंत्र बदलतं तसं शिकावंच लागेल. पण ग्रंथपालाच्या पदोन्नतीच्या अर्जात रिफ्रेशरला रकाना आहे, कनिष्ठाच्या शेजारी बसून त्याचं काम तपासून देण्याला नाही. सरांनी ते रोज केलं आणि त्याचा एक गुणही कुणी मोजला नाही. निदान आता तरी मोजावा.