काळ्या माणसाने फासलेली काजळी

चार्ली चॅप्लिन आपल्याला घरच्या माणसासारखा ठाऊक आहे. पण त्याच मूक चित्रपटांच्या काळात अमेरिकेच्या रंगभूमीवर विनोदाचा आणखी एक बादशहा वावरत होता. त्याचे नाव बर्ट विल्यम्स. तो कृष्णवर्णीय होता आणि तरीही त्याला तोंडाला काळा रंग फासून रंगमंचावर जावे लागे. माझे मन त्याच्याकडे ओढले गेले ते या एका गोष्टीमुळे.

१८७४ साली बहामा बेटांवरच्या नासाऊ गावी तो जन्मला. लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला, कॅलिफोर्नियात वाढला. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याला जॉर्ज वॉकर हा जोडीदार मिळाला. तेव्हा तिकडे मिन्स्ट्रेल नावाचे खेळ लोकप्रिय होते. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या माणसाची नक्कल करीत. आळशी, भित्रा, मोडकेतोडके बोलणारा, मूर्ख असा तो काळा माणूस. पाहता पाहता प्रेक्षकांना नक्कलच अस्सल वाटू लागली आणि खराखुरा काळा नट आला तर त्यालाही तीच काजळी फासावी लागली. विल्यम्सचा वर्ण उजळ, वाचन दांडगे, बोलणे अदबीचे. रंगमंचावरची ती खेडवळ बोली त्याला परक्या भाषेसारखी शिकावी लागली.

हे वाचताना मला माझी शाळा आठवली. गॅदरिंगला शिवरायांवरचे नाटक बसले की अफजलखानाची दाढी ठरल्याप्रमाणे माझ्याच हनुवटीला चिकटवली जाई. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोकणी बोलली जाते. उर्दू माझ्या आजीलाही धड येत नव्हती. पण खान म्हटला की त्याने उर्दूच बोलायची, म्हणून मी ती सिनेमातून ऐकून पाठ केली. टाळ्या भरपूर पडत. पुढे मोठेपणी, ‘तुम्ही मुसलमान वाटतच नाही हो,’ असे कुणी कौतुकाने म्हणाले की ती दाढी पुन्हा हनुवटीला टोचू लागते. मुसलमान कसा दिसतो, हे त्यांचे आधीच ठरलेले असते.

विल्यम्सने मात्र त्या काजळीच्या आत एक माणूस बसवला. त्याचा विदूषक इतरांसारखा उड्या मारीत नसे. तो सावकाश चाले, नशिबाचा मार खाई आणि विचारात पडे. १९०३ साली ‘इन दाहोमी’ हे कृष्णवर्णीयांनी लिहिलेले आणि सादर केलेले संगीत नाटक घेऊन ही जोडी ब्रॉडवेवर गेली. त्याच वर्षी ते लंडनला राजवाड्यातही झाले. १९११ मध्ये वॉकर वारला. त्याच्या आजारपणामुळे आधीच एकटा पडलेला विल्यम्स १९१० मध्ये झिगफेल्डच्या प्रसिद्ध ‘फॉलीज’मध्ये दाखल झाला होता. तिथल्या काही गोऱ्या नटांनी कुरकुर केली, पण झिगफेल्ड बधला नाही.

रात्री हजारो लोक टाळ्या वाजवत आणि नंतर हॉटेलात शिरताना त्याला मागच्या लिफ्टने जावे लागे. सहकलाकार एडी कँटरने ही आठवण सांगितली आहे. कानांत अजून टाळ्या घुमत नसत्या तर याचे एवढे वाटले नसते, असे विल्यम्स त्याला म्हणाला होता.

१९१६ साली आलेला त्याचा ‘अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर’ हा मूकपट आज पाहायला मिळतो. त्यात तुरुंगाच्या कोठडीत तो एकटाच पत्ते खेळतो. पत्ते नाहीत, भिडू नाहीत. आशा, संशय, हिरमोड सगळे चेहऱ्यावर. काजळीच्या थराखालूनही तो चेहरा बोलतो.

पण मला अधिक अस्वस्थ केले ते त्याच्या दुसऱ्या चित्रपटाने. १९१३ साली कृष्णवर्णीय नटनट्यांना घेऊन एक चित्रपट काढला गेला. त्यात विल्यम्स प्रियकर आहे. इतरांचे चेहरे साधे, काजळी त्याच्या एकट्याच्या तोंडाला. तो प्रेयसीबरोबर गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसतो, तिचे चुंबन घेतो. हा चित्रपट पुरा झालाच नाही. त्याच्या निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पडून राहिल्या आणि २०१४ मध्ये, शंभर वर्षांनी, लोकांसमोर आल्या. काळ्या माणसाच्या फजितीला तेव्हा बाजार होता. त्याचे प्रेम, त्याचा साधा सुखाचा दिवस मात्र डब्यात पडून राहिला.

१९२२ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला प्रयोग चालू असताना तो कोसळला. हाही विनोदच, असे वाटून प्रेक्षक हसले म्हणतात. ४ मार्चला तो गेला. वय अवघे ४७.

त्याने काजळी झुगारायला हवी होती, असे त्याच्या हयातीतही काही काळे टीकाकार म्हणत होते. मला त्याचा न्याय करवत नाही. झुगारली असती तर रंगमंचाचे दारच बंद झाले असते. आपल्यापुढचा सवाल थोडा वेगळा आहे. आपल्याला दार उघडे आहे, लेखणीही हातात आहे. तेव्हा दंगल, तलाक आणि कव्वाली यांपलीकडचा आपला साधा दिवस आपण लिहिणार आहोत की नाही? सकाळची दुधाची पिशवी, मुलीची दहावी, अब्बांचे गुडघे, बायकोशी झालेली खोटी भांडणे. हे आपण लिहिले नाही तर दुसरे कुणी लिहिणार नाही, आणि आपले लाकडी घोडेही शंभर वर्षे डब्यातच फिरत राहतील.