नदीच्या तळातले दात

आमच्या घरी सध्या एक दात मुक्कामाला आलाय. तळहात झाकेल एवढा, काळाभोर, त्रिकोणी, कडांना करवतीसारखे बारीक दाते. मेगॅलोडॉन नावाच्या शार्क माशाचा हा दात. हा मासा सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसा झाला. माझा मुलगा अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यात, चार्ल्सटनला असतो. तिथल्या कूपर नदीच्या तळाशी जाऊन त्याने तो स्वतः शोधला आणि गेल्या दिवाळीला येताना आणला. गोव्याहून येणाऱ्या मासळीत शार्कला मोरी म्हणतात. "मोरीचा दात आणलाय," असं मी शेजारी सांगितलं, तर तिथल्या काकू आधी आमच्या न्हाणीघराकडेच बघायला लागल्या.

नदीत शार्कचे दात कुठून आले? शार्कच्या अंगात हाड नसतं. सांगाडा सगळा नाकाच्या शेंड्यासारख्या लवचिक कूर्चेचा, तो कुजून जातो. मागे उरतात दात. आणि ते तरी किती! एक पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो. एकेक मासा जन्मभरात हजारो दात टाकतो. चार्ल्सटनचा किनारी मुलूख एके काळी समुद्राखाली होता. गाळात पुरलेल्या दातांत खनिजं मुरली, त्यांचा दगड झाला, रंग काळा पडला. पुढे समुद्र हटला, नद्यांनी तेच थर कोरले आणि दात तळाच्या खडीत येऊन पडले. तसं आपल्याला याचं नवल वाटायला नको. देवघरातले पुष्कळ शाळिग्राम म्हणजे गंडकी नदीत मिळणारे ॲमोनाइट, समुद्री जीवांचेच जीवाश्म. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी या दातालाही गंध-फूल वाहिलं असतं.

मला धास्ती होती ती पाण्याची. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, जांबोटीकडे येईपर्यंत तशी लहानच असते. उन्हाळ्यात पोरं दगडांवर पाय ठेवत पलीकडे जातात. पण आषाढ लागला की हब्बनहट्टीच्या मारुतीच्या देवळातही पाणी शिरतं. अशाच एका पावसाळ्यात माझे धाकटे काका नदी ओलांडायला गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात कुणी पोहायला शिकलं नाही. शिकवायचंच नाही, असा आजीचा दंडक होता आणि तो मी माझ्या मुलालाही लावला. त्याने बेळगावात कॉलेजला असताना कधी पोहणं शिकून घेतलं, ते मला त्याच्या लग्नानंतर कळलं.

कूपर नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं, पालापाचोळ्याच्या अर्काने काळसर झालेलं. काही फूट खाली गेलं की सूर्य संपतो. हातातल्या दिव्याचा उजेड वीतभर पडतो. शिवाय समुद्र जवळ, म्हणून नदीला भरती-ओहोटीची ओढ. ती थांबते त्या मधल्या वेळेत बुडी मारायची आणि तरी वाहून जाऊ नये म्हणून एक लांब स्क्रू ड्रायव्हर तळात रोवून धरायचा. दुसऱ्या हाताने खडी चाचपायची. नदीत मगरींच्या जातीतले ॲलिगेटर आहेत, हे त्याने मला बरंच उशिरा सांगितलं.

मग मी त्याला खोदून खोदून विचारलं. न कळणाऱ्या गोष्टीची भीती जास्त. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो अशी माझी समजूत होती. तसं नाही, दाबून भरलेली आपली साधी हवाच असते. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो आणि हवाही दुप्पट वेगाने संपते. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, कारण दाब कमी होताना आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. सावकाश यायचं, श्वास चालू ठेवून. तिथे असे दात वेचायला सरकारी परवाना काढावा लागतो आणि काय काय मिळालं ते कळवावंही लागतं. एवढे नियम ऐकून जीव थोडा खाली बसला. थोडाच.

माझी सून धारवाडची. ती बोटीत थांबते आणि तो पाण्याबाहेर आला की मला मोबाइलवर निरोप पाठवते, अशी आमची बोली झाली. पहिल्या वेळी निरोप आला, "मेले बंदरु." कन्नडमध्ये याचा अर्थ वर आले. मला कन्नड चांगलं येतं, चाळीस वर्षं या भागात संसार केलाय. पण रात्री साडेदहाला, डोळ्यांत प्राण आणून वाट बघणाऱ्या मराठी आईला त्यातला पहिला शब्दच आधी दिसतो. छातीत धस्स झालं. आता ती बिचारी फक्त "वर" एवढंच लिहिते.

दिवाळीत नातू मलप्रभेच्या काठावर उभा राहून विचारत होता, "अज्जी, या होळ्यात पण हल्लु मिळतील?" शार्कचे नाहीत मिळणार. आपल्याकडचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यात मासा कुठला? पुढे हीच नदी बदामी, पट्टदकल भागातल्या ज्या तांबड्या वालुकाश्मातून जाते, तो तर इतका जुना की तेव्हा माशांचा जन्मही व्हायचा होता.

पण दात आपल्या जिल्ह्यातही निघालेत. रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातले अधिकारी. मद्रासजवळ १८६३ साली अश्मयुगीन हत्यार शोधून काढणारे तेच. त्यांना गोकाकजवळ नदीच्या गाळात एका गेंड्याचे अवशेष मिळाले, दाढांसकट. १८७४ साली त्यांनी त्याची माहिती छापली आणि त्या जातीला नाव दिलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा गेंडा. दोन वर्षांनी आपल्या या सगळ्या मुलखाच्या दगडमातीवर त्यांचा ग्रंथ आला, त्यात या भागाला त्यांनी 'दक्षिण मराठा मुलूख' म्हटलंय. घटप्रभेच्या काठी गेंडे चरत होते, हे ऐकून नातवाने शार्कचा दात माझ्या हातात ठेवला आणि गेंड्याचं चित्र काढायला बसला.

गेंड्याची दाढ शोधायला नळकांडं लागत नाही, पायांत चपला असल्या की झालं, असं मी मुलाला कळवलंय. पुढच्या खेपेला गोकाकला जाऊ, येताना करदंटही घेऊ. उत्तर सुनेचं आलं: गोकाकचं नक्की, पण या शनिवारची बोट ठरलीय.