राखणदार

गोल करणाऱ्याचा जयघोष होतो. गोल अडविणारा सहसा विस्मृतीत जातो. बंगालचे शैलेन मन्ना यांनी हे अडविण्याचेच काम पत्करले. १९४२ पासून १९६० पर्यंत कलकत्त्याच्या मोहन बागान संघाची बचावफळी त्यांनी सांभाळली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताच्या दोन पेनल्टी वाया गेल्या. त्यांतील एक मन्नांची होती. भारत २-१ असा हरला. तरीही पुढे देशाच्या संघाचे नेतृत्व त्यांच्याकडेच आले. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत मेवालाल यांच्या एकमेव गोलाने इराणला नमवून भारताने सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धेतील तिन्ही सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही. ती तीन शून्ये राखणाऱ्यांत, लंडनला एक फटका चुकलेला हा कर्णधार अग्रभागी होता.