कातळावर काय पिकतं?

आज भाताचं, काजूचं नाही, आमच्या सड्याचं लिहितो.

गेल्या आठवड्यात मुंबईहून चुलतभावाचा फोन. "दादा, कातळाक गिऱ्हाईक इला हा. बंगल्यांची स्कीम करतले. सही करतलस मां?" सातबाऱ्यावर आमची अकरा नावं, सात जण मुंबईत. त्यांना दोष देत नाही, खर्च सगळ्यांनाच आहे. सोसायटीचं कर्ज मलाही आहे, भाव ऐकून एक रात्र झोप नाही लागली.

दलाल घरी आला तेव्हा म्हणाला, "काका, पोटखराबा तो. त्यावर काय पिकतं?" कागदावर त्याचं बरोबरच आहे.

पण पावसात खाली शेतं लावून झाली की गुरं न्यायची कुठे? सड्यावर. पाऊस सरला की गवत कापून आणायचं तेही तिथूनच. आणि पाणी. जांभा वरून उघडा दिसतो, पण आतून सच्छिद्र. पडलेला पाऊस भेगांतून मुरतो आणि पायथ्याला झरा होऊन निघतो. तो व्हाळाला मिळतो. पाऊस संपला की आम्ही दगड-मातीचा बांध घालतो, त्यावर वायंगणी भात, थोडी मिरची. म्हणजे सडा पिकतो तो खाली आमच्या मळ्यात. सातबाऱ्यात तसा रकाना नाही एवढंच.

वर बंगले झाले की कंपाउंड येणार, गुरांची वाट बंद. बोअर मारणार, झऱ्याचं पाणी वरच उपसलं जाणार. आणि कोणी बोलत नाही ती गोष्ट, संडासाच्या टाक्या. ज्या भेगांतून पाऊस खाली येतो त्याच भेगांतून तेही येणार.

रेडीच्या पलीकडे तेरेखोल आहे. गाव गोव्याचं, पण नदीच्या आपल्या बाजूला. तिथे गोल्फ कोर्स आणि रिसॉर्ट येणार म्हणून काजूवर जगणारी माणसं उभी राहिली. आम्ही कूळ आहोत, हे त्यांचं म्हणणं. गोव्यात 1991 चा कायदा आहे, कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय वापरता येत नाही. म्हणून कागद किती महत्त्वाचा बघा. 2024 मध्ये सांकवाळला डोंगरउतारावर शेकडो फ्लॅट येणार म्हटल्यावर लोक पंचायतीवर गेले. तिथल्या नगरनियोजन कायद्यात 2023 साली 17(2) कलम घातलं. आराखड्यातली चूक दुरुस्त करतो म्हणायचं आणि तुकड्या-तुकड्याने झोन बदलायचा. मार्च 2025 मध्ये हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले. मोपा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू आहे, चिपी त्याआधी 2021 ला. गिऱ्हाईक आता आपल्याकडे वळणारच.

आपल्याकडे कलम 63 आहे, शेतकरी नसेल त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पण कुठला तरी सातबारा घेऊन माणूस येतो. आणि मी सही केली नाही म्हणून जमीन वाचली असं समजू नका. मीही तसंच समजत होतो. सामाईकातला एक हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, मग घेणारा वाटप मागतो. नकाशावर झऱ्याच्या डोक्यावरचा तुकडा त्याच्याकडे गेला तर?

म्हणून मी भावांना सांगितलं, आधी आपसात वाटणी करू. झऱ्याच्या वरचा भाग आणि गुरांची वाट सामाईक ठेवू, उरलेल्यात ज्याला विकायचं त्याने विकावं. ग्रामसभेतही विषय घालायला अर्ज दिला आहे. दोघे तयार झाले. एकाने फोन ठेवला. ज्याने पहिला फोन केला होता तो म्हणाला, "ता ठेवन काय करतलस दादा? तुझ्यानंतर शेती कोण करतलो?" ह्याला मला उत्तर देता आलं नाही. माझा मुलगा पुण्याला आहे.

तो शिमग्याला येतोय. तेव्हा त्याला झऱ्यावर घेऊन जाणार आहे. आमच्या लहानपणी तिथेच आंघोळ करायचो. पाणी शिमग्यापर्यंत असतं.