चोळपुरम्‌ची भेट

कावेरीच्या काठचे कुंभकोणम् पहाटेच जागे होते. देवळांतील घंटा, पितळी भांड्यांच्या दुकानांची उघडणारी दारे आणि पितळेच्या पेल्यातून वाटीत व वाटीतून पुन्हा पेल्यात ओतली जाणारी फेसाळ कॉफी, असा या गावचा प्रातःकाळ असतो. महाराष्ट्रातील एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणारे अठरा विद्यार्थी आपल्या प्राध्यापिकाबाईंसह येथे आले होते. त्यांच्या समवेत हिंडण्याचा योग मला लाभला.

त्यांचा विषय होता सांस्कृतिक राजनय, म्हणजे कला, विद्या आणि धर्म यांच्या द्वारे राष्ट्राराष्ट्रांनी जोडलेले नाते. वर्गात याची व्याख्या पाठ होऊ शकते. पण बाईंनी विद्यार्थ्यांना वहीत दोन रकाने आखावयास सांगितले होते. एकावर लिहिले होते 'भेट' आणि दुसऱ्यावर 'लूट'. "जी जी वस्तू पाहाल, ती कोणत्या रकान्यात घालावी याचा निर्णय तुम्हीच करा," एवढीच त्यांची सूचना होती.

पहिला मुक्काम गावाच्या पश्चिमेस असलेल्या स्वामिमलै येथील मूर्तिकारांच्या वस्तीत झाला. येथील स्थपती चोळकाळापासून चालत आलेल्या पद्धतीने कांस्यमूर्ती घडवितात. मेण आणि राळ यांची मूर्ती प्रथम तयार होते. तिला कावेरीच्या मऊ गाळाचा लेप देतात, तो तापवून आतील मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. त्यामुळे एका साच्यातून दुसरी मूर्ती कधीच निघत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा भारत मंडपमपुढे उभारलेला सुमारे २७ फूट उंचीचा नटराज येथील स्थपतींनीच घडविला. मुलांनी तो निःशंकपणे पहिल्या रकान्यात नोंदविला. येथवर काम सोपे होते.

मग आमची गाडी उत्तरेकडे वळली. वाटेत चोळपुरम् नावाचे गाव लागते. "हेच का ते?" असे एकाने उत्साहाने विचारले. पण आम्हांस जावयाचे होते ते त्याही पुढे, कोळ्ळिडम् नदीपलीकडच्या गंगैकोंड चोळपुरम्‌ला. नदी ओलांडण्यासाठी अणैक्करै येथील बंधाऱ्यावरून जावे लागते. इंग्रजी अमदानीत, १८३६ साली, हा बंधारा बांधला गेला आणि त्यासाठी राजेंद्र चोळाच्या मंदिराच्या प्राकाराचे दगड काढून आणण्यात आले. बाईंनी हे सांगताच मुले खिडक्यांतून खाली वाकून पाहू लागली.

पुढे उसाची आणि भाताची शेते मागे पडली आणि मोकळ्या माळावर अकस्मात सुमारे ५५ मीटर उंचीचे शिखर दिसू लागले. तंजावरचे शिखर सरळ रेषेत आकाशात चढते. येथील शिखराच्या कडा किंचित आत वळल्या आहेत, त्यामुळे त्याच्या भव्यतेला मार्दव आले आहे. पहिल्या राजेंद्राने गंगेपर्यंत सैन्य पाठवून विजय मिळविला आणि १०२५ च्या सुमारास येथे नवी राजधानी वसविली. पुढे सुमारे अडीचशे वर्षे चोळांचा कारभार येथून चालला. आज मंदिर तेवढे उभे आहे. राजवाड्याच्या जागी विटांचे पाये उरले आहेत. २००४ मध्ये या मंदिराचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

पराभूत राजांकडून गंगेचे पाणी येथवर वाहवून आणून राजेंद्राने ते एका विस्तीर्ण तलावात ओतविले. पाण्याचाच विजयस्तंभ उभारावा, ही त्यामागील कल्पना! ती ऐकून पैठणकडचा एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "बाई, आमच्या नाथांनीही गंगेची कावड दक्षिणेकडे नेली होती. पण वाटेत तहानलेले गाढव दिसले, म्हणून ते पाणी त्यांनी त्याला पाजले." सारे हसले, मात्र वह्यांमध्ये दोन्ही कावडी दोन निरनिराळ्या रकान्यांत गेल्या.

मंदिराच्या सावलीत बसून बाईंनी एक जुनी हकीकत सांगितली. राजेंद्राचा पिता राजराज याच्या काळी, १००६ च्या सुमारास, समुद्रापारच्या श्रीविजयाच्या राजाने नागपट्टणम् येथे बौद्ध विहार बांधला. राजराज स्वतः शिवभक्त; तरीही त्याने त्या विहाराच्या खर्चासाठी आनैमंगलम् हे गाव लावून दिले. पुढे लायडन येथे गेल्यामुळे 'लायडन ताम्रपट' या नावाने विख्यात झालेल्या पत्र्यांवर ही सनद कोरलेली आहे. मात्र १०२५ मध्ये राजेंद्राच्याच आरमाराने श्रीविजयावर स्वारी केली! मग ते नाते तुटले काय? तसे झाले नाही. १०९० मध्ये त्या देशाचे दूत कुलोत्तुंग चोळाकडे आले आणि त्याने विहाराच्या गावांना करांतून सूट दिली. तलवारीने दुखावलेल्या नात्याला पुन्हा हात घालण्यासाठी दोन्ही पक्षांना तो विहारच उपयोगी पडला.

याच अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदान हे खेडे आहे. तेथील मंदिरातून चोळकालीन नटराज चोरीस गेला. २००८ मध्ये कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने तो न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्याकडून सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी काढून ठेवलेल्या छायाचित्रांमुळे मूर्तीची ओळख पटली आणि ५ सप्टेंबर २०१४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत ती भारताच्या पंतप्रधानांच्या स्वाधीन केली. मुलांचे चेहरे उजळले. पण पुन्हा चोरी होऊ नये म्हणून तो नटराज कुंभकोणम्‌च्या मूर्तिकेंद्रात ठेवण्यात आला, हे कळताच ती गप्प झाली. देव देशात परतला. त्याच्या गाभाऱ्यात परतणे ही आणखी वेगळी वाट असते.

तेव्हा उदगीरची एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली. आदल्या दिवशी तंजावरला भोसल्यांच्या राजवाड्यातील कलादालनात आम्ही एक पाषाणाचा द्वारपाल पाहिला होता. चोळांनी अकराव्या शतकात चालुक्यांचे कल्याण जाळले आणि तेथून हा द्वारपाल आणला, असे त्याच्याच पीठावर तमिळमध्ये कोरले आहे. ते कल्याण म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या सीमेलगतचे बसवकल्याण. ती म्हणाली, "बाई, ऑस्ट्रेलियाने नटराज परत दिला म्हणून आपण आनंद मानतो. मग आमच्या शेजारच्या गावचा द्वारपाल?"

बाई क्षणभर थांबल्या. "चोरी ती कालची, तिला कायदा आहे, चोर आहे, साक्षीदार आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या लुटीला यांपैकी काहीच उरलेले नाही. पण तुझा प्रश्न उरला आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या परदेशातल्या वकिलातीत बसेल, तेव्हा समोरचा माणूस हाच प्रश्न विचारील. त्या वेळी आपल्याही घरात असा एक द्वारपाल उभा आहे, हे विसरू नका. म्हणजे बोलणे मागणीचे असले, तरी त्यात मग्रुरी राहणार नाही."

भाषांतराच्या व्यवसायामुळे शब्दांकडे माझे लक्ष अधिक जाते. मराठीत 'भेट' म्हणजे दिलेली वस्तू आणि 'भेट' म्हणजे दोन माणसांचे समोरासमोर येणेही. आपल्या भाषेने दोहोंस एकच शब्द दिला आहे. ज्या देण्यात देणारा आणि घेणारा एकमेकांस भेटत नाहीत, त्यास भेट म्हणवत नाही. कल्याणच्या द्वारपालाला जो अर्थ नाही, तो नागपट्टणम्‌च्या विहाराला होता.

परतताना अणैक्करैच्या बंधाऱ्यावर संध्याकाळ झाली. अडविलेल्या पाण्यावर तांबूस उजेड पसरला होता आणि कालव्यातून पाणी भातशेतांकडे चालले होते. उदगीरच्या मुलीने वही उघडली आणि 'मंदिराचे दगड' असे लिहिले. दोन्ही रकान्यांवरून तिची पेन्सिल एकेकदा फिरली. मग दोन्ही जागा कोऱ्याच ठेवून तिने वही मिटली आणि खिडकीतून त्या पाण्याकडे पाहत राहिली.